जुन्या कॉम्प्युटरवर नेटवर्क ड्रायव्हर बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ च्या काळातली यंत्रं अजून शाळांच्या लॅबमध्ये, वजनकाट्यांवर, छोट्या वर्कशॉपमध्ये आणि घराच्या कोपऱ्यात चालतात. त्यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आज्ञा, मेनू आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; यंत्रावर टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा. फक्त प्रश्न ३ मात्र कोणीही चुकवू नये.

१. फॉरमॅट मारून पुन्हा विंडोज टाकलं आणि इंटरनेट गेलं. कालपर्यंत चालत होतं. कार्ड उडालं का?

बहुतेक वेळा नाही. ड्रायव्हर म्हणजे एखादा भाग विंडोजला वापरता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर. विंडोजच्या सीडीत ती बाजारात येईपर्यंतच्या कार्डांचेच ड्रायव्हर असतात. एक्सपी आली ऑक्टोबर २००१ मध्ये, विंडोज ७ आली ऑक्टोबर २००९ मध्ये. रिअलटेकची ८१३९ ही जुनी १०० एमबीपीएसची पीसीआय (जुन्या पद्धतीच्या कार्ड-स्लॉटची) चिप एक्सपी स्वतःहून ओळखते. त्याच कंपनीची नंतरची गिगाबिट चिप, ८१६८, एक्सपीच्या गावीही नसते. पूर्वी कुणीतरी तिचा ड्रायव्हर वेगळा टाकला होता आणि तो फॉरमॅटबरोबर गेला, एवढंच झालंय. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसला तर स्क्रीन भोंगळ दिसते, पण काम चालतं. नेटवर्कचा नसला तर तो आणायचा रस्ताच बंद होतो, म्हणून याचीच ओरड जास्त.

२. ड्रायव्हर नाही की दुसरंच काही बिघडलंय, हे कसं ओळखायचं?

‘रन’मध्ये डेव्हएमजीएमटी डॉट एमएससी टाका. डिव्हाइस मॅनेजर उघडेल. ‘अदर डिव्हायसेस’खाली ‘इथरनेट कंट्रोलर’ किंवा ‘नेटवर्क कंट्रोलर’ पिवळ्या चिन्हासह दिसला, तर कार्ड जिवंत आहे आणि ड्रायव्हर नाही. इथरनेट म्हणजे वायरचं, आणि नुसतं नेटवर्क कंट्रोलर म्हणजे बहुधा वाय-फाय. त्यावर डबल-क्लिक केल्यावर दिसणारा कोड बघा. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. २२ म्हणजे कुणीतरी कार्ड ‘डिसेबल’ करून ठेवलंय. राइट-क्लिक करून ‘एनेबल’ करा आणि चहा घ्या. ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल गहाळ किंवा खराब आहे. १० साठी प्रश्न १० आणि ५२ साठी प्रश्न ९ बघा.

यादीत कार्डाचा मागमूसच नसेल, तर ड्रायव्हर शोधत बसू नका. आधी बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये) ‘ऑनबोर्ड लॅन’, म्हणजे मदरबोर्डवरचंच वायरचं नेटवर्क, बंद आहे का ते पाहा. बायॉसची बॅटरी संपली की काही बोर्डांवर अशा सेटिंगा आपोआप बदलतात. तिथे चालू असूनही कार्ड दिसत नसेल तर प्रश्न २१.

३. माझं कार्ड कोणतं आहे तेच माहीत नाही. खोक्यावरचं नाव पुरेसं आहे का?

नाही, आणि इथेच सगळ्यांचा वेळ जातो. खोक्यावर असतो तो विकणाऱ्याचा शिक्का. ड्रायव्हर लागतो आतल्या चिपचा. शिवाय मॉडेल तेच ठेवून कंपन्या आतली चिप बदलतात. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे यूएसबी वाय-फाय घ्या. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली. नाव तेच, पण ड्रायव्हर एकमेकांना अजिबात चालत नाहीत.

खात्रीचा मार्ग एकच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या यंत्रावर राइट-क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग ‘डिटेल्स’ टॅब आणि तिथल्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हेन’ या अक्षरांनंतरचे चार अंक-अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी. ‘डेव्ह’ नंतरची चार म्हणजे चिप. यूएसबीच्या अडॅप्टरला त्याऐवजी ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ असतं.

जुन्या यंत्रांत नेहमी भेटणारे कंपनी-क्रमांक असे: रिअलटेक १०ईसी, इंटेल ८०८६, ब्रॉडकॉम १४ई४, अथेरॉस १६८सी, मार्वेल ११एबी, व्हिया ११०६, एनव्हिडिया १०डीई, एसआयएस १०३९ आणि थ्रीकॉम १०बी७. (इंटेलने आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा स्वतःला घेतला, हा त्यांचा विनोद असावा.) ‘व्हेन १०ईसी, डेव्ह ८१६८’ दिसलं की समजा, रिअलटेकची गिगाबिट. ‘डेव्ह ८१३६’ असेल तर त्यांचीच १०० एमबीपीएसची, पण पीसीआय एक्सप्रेसवाली. ‘डेव्ह ८१३९’ म्हणजे प्रश्न १ मधली जुनी जाणती. हे आठ अंक-अक्षरं कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढच्या फॉरमॅटला कामी येतील.

४. ड्रायव्हर नक्की कुठून उतरवायचा? गूगलवर तर शेकडो साइट निघतात.

ब्रँडेड यंत्र असेल तर आधी त्या कंपनीच्या सपोर्ट पानावर मॉडेल टाका. डेलच्या यंत्रावर सात अंक-अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो. असेंबल्ड असेल तर मदरबोर्डवर छापलेलं मॉडेल बघा. तिथे काही मिळालं नाही तर चिपच्या कंपनीकडे जा. जुन्या चिपांची पानं बऱ्याच कंपन्यांनी काढून टाकली आहेत. तेव्हा उरतो मायक्रोसॉफ्टचा अपडेट कॅटलॉग. तिथे शोधायच्या चौकटीत प्रश्न ३ मधला आयडी टाकला तर थेट ड्रायव्हर सापडतो.

‘तुमचे २३ ड्रायव्हर जुने झाले आहेत’ असं ओरडणारे मोफत अपडेटर टाळा. त्यातले बरेच जण ड्रायव्हरबरोबर टूलबार, जाहिराती आणि काय काय घुसवतात. एकगठ्ठा ड्रायव्हर हवेच असतील, अनेक यंत्रं दुरुस्त करायची असतील, तर स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन हे मुक्त-स्रोत साधन बरं. त्यात फक्त नेटवर्कचे ड्रायव्हर उतरवायची सोय आहे. ते एका पेनड्राइव्हवर कायम ठेवावं. आणि मदरबोर्डबरोबर आलेली सीडी घरात कुठे असेल तर तिची आजच एक प्रत काढा.

५. इंटरनेटच नाही, मग ड्रायव्हर आणू कसा?

दुसऱ्या यंत्रावर किंवा मोबाइलवर उतरवून पेनड्राइव्हने आणा. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा. साधी एक्सपी एक्स-फॅट वाचत नाही.

विंडोज ७ किंवा पुढचं असेल तर सोपा मार्ग आहे. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. फोनच नेटवर्क कार्ड बनतो आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. विंडोज ७ कधीकधी तो आपोआप लावत नाही. तेव्हा ‘लेट मी पिक’ने हाताने निवडा: नेटवर्क अडॅप्टर्स, मायक्रोसॉफ्ट, मग ‘रिमोट एनडीआयएस बेस्ड इंटरनेट शेअरिंग डिव्हाइस’. नुसती चार्जिंगची केबल असेल तर काही होणार नाही. यंत्राला फोन दिसतच नसेल तर आधी केबलवरच संशय घ्या. आयफोनला ॲपलचा ड्रायव्हर लागतो, त्यामुळे या कामासाठी शेजाऱ्याचा अँड्रॉइड मागा. एक्सपीवर टेदरिंगची खटपट करण्यापेक्षा पेनड्राइव्ह परवडला. विंडोज ९८ चं प्रकरण निराळं आहे, प्रश्न १८ बघा.

६. डाउनलोड केलेल्या फोल्डरमध्ये सेटअपच नाही. नुसत्या आयएनएफ, सिस, कॅट अशा फायली आहेत. आता?

उत्तम. खरा ड्रायव्हर हाच. सेटअप म्हणजे वरचं वेष्टण. पण झिप आधी पूर्ण उलगडा. झिपच्या आतूनच ड्रायव्हर दाखवायचा प्रयत्न करणारे पुष्कळ असतात आणि मग ‘फाइल सापडली नाही’ म्हणून अडतात. कॅटलॉगमधून ‘कॅब’ फाइल आली असेल तर तीही उलगडावी लागते. सेव्हन-झिपने होतं, किंवा कमांड प्रॉम्प्टवर ‘एक्स्पांड’ आज्ञेने.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या चिन्हावर राइट-क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’. एक्सपीमध्ये इंटरनेटवर शोधायला ‘नो’ म्हणा, ‘इन्स्टॉल फ्रॉम अ लिस्ट’ निवडा, मग ‘डोन्ट सर्च’ आणि शेवटी ‘हॅव डिस्क’. विंडोज ७ मध्ये ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’ म्हणून वरचा फोल्डर दाखवला तरी ते आतले उपफोल्डर स्वतः धुंडाळतं.

‘बेटर मॅच नाही’ किंवा ‘या यंत्रासाठी माहिती नाही’ असं आलं तर आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि आपला ‘डेव्ह’ क्रमांक शोधा. नसेल तर ड्रायव्हर तुमच्या चिपचा नाही, विषय संपला. क्रमांक असूनही नकार येत असेल तर विंडोजची आवृत्ती किंवा बिट चुकलेत. पुढचा प्रश्न वाचा.

७. एक्सपीचा ड्रायव्हर सेव्हनला चालतो का? आणि ३२ का ६४ बिट?

बिटांत तडजोड नाही. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट ड्रायव्हर कधीच चालत नाही, उलटंही नाही. साधे प्रोग्राम चालतात म्हणून ड्रायव्हरही चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो, त्याला ती सवलत नाही.

आवृत्तीच्या बाबतीत थोडी लवचिकता आहे. नेटवर्क ड्रायव्हर एनडीआयएस नावाच्या नियमावलीवर लिहिलेले असतात. एक्सपीत ती ५.१ होती, व्हिस्टात ६.० झाली, विंडोज ७ मध्ये ६.२०. व्हिस्टाच्या वेळी पुष्कळ काही बदललं. त्यामुळे व्हिस्टाचा ड्रायव्हर सेव्हनला आणि सेव्हनचा विंडोज १० ला बऱ्याचदा चालून जातो. एक्सपीचा सेव्हनला चालवणं हा जुगार आहे, वाय-फायसाठी तर नकोच.

८. ‘आधी चिपसेट ड्रायव्हर टाका’ असं सगळे सांगतात. खरंच लागतो?

चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा संच. एनव्हिडिया एनफोर्सच्या बोर्डांवर हो. तिथे लॅन चिपसेटमध्येच असते आणि ड्रायव्हर त्याच गठ्ठ्यात येतो. पीसीआय स्लॉटमध्ये वेगळं रिअलटेक कार्ड असेल तर बहुधा फरक पडत नाही. तरी क्रम तोच ठेवायला हरकत नाही.

९. विंडोज ७ म्हणतं ड्रायव्हरची डिजिटल सही पटत नाही. कोड ५२. ड्रायव्हर तर कंपनीच्या साइटवरूनच घेतलाय!

ड्रायव्हर खरा असेल, पण त्यावरची सही शा-२ पद्धतीची आहे आणि तुमच्या कोऱ्या विंडोज ७ ला फक्त जुनी शा-१ वाचता येते. ताज्या फॉरमॅटनंतर हमखास दिसणारा प्रकार. दुसऱ्या यंत्रावरून केबी ३०३३९२९ किंवा त्यानंतरचं केबी ४४७४४१९ हे अपडेट आणून टाका. यासाठी सर्व्हिस पॅक १ आधी असावा लागतो. नाहीतर त्याच चिपचा २०१५ पूर्वीचा ड्रायव्हर शोधा. हा उपाय जास्त झटपट आहे.

सुरू होताना एफ-८ दाबून ‘डिसेबल ड्रायव्हर सिग्नेचर एन्फोर्समेंट’ करता येतं, पण ते त्या एकाच बूटपुरतं. ड्रायव्हर बरोबर आहे का हे तपासायला ठीक, रोजच्या वापराला नाही. एक्सपीमध्ये ‘विंडोज लोगो टेस्टिंग पास केलेली नाही’ असा घाबरवणारा फलक येतो. ड्रायव्हर भरवशाच्या जागेवरून आणलेला असेल तर ‘कंटिन्यू एनीवे’ दाबा.

१०. ड्रायव्हर बसला, पण ‘हे यंत्र सुरू होऊ शकत नाही’, कोड १०.

याची कारणं अनेक, म्हणून स्वस्तातल्यापासून सुरुवात करा. ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, विचारलं तर ‘फाइलही काढून टाका’वर खूण करा, यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. जवळच्या पण चुकीच्या चिपचा ड्रायव्हर जबरदस्तीने लावलेला असला तरी हाच कोड येतो, म्हणून आयडी पुन्हा पडताळा.

वेगळं कार्ड असेल तर वीज काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून कार्ड बाहेर काढा. सोनेरी पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या पुसा, चुरा झटका आणि शक्यतो दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत या एका उपायाने किती कार्डं उठून बसतात, ते दुरुस्तीवाल्याला विचारा. स्लॉट बदलल्याने इंटरप्टची (कार्डाने प्रोसेसरचं लक्ष वेधायच्या क्रमांकाची) वाटणीही बदलते, हा आणखी एक फायदा. दुसऱ्या यंत्रातही तेच झालं तर कार्ड गेलं म्हणायचं.

११. ड्रायव्हर ठीक, पोर्टचे दिवे लागतात, पण आयपी (यंत्राचा जाळ्यातला पत्ता) १६९.२५४ ने सुरू होतो आणि नेट नाही.

म्हणजे ड्रायव्हरचं काम झालं. यंत्राने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. आता बघायचं ते केबल, राउटर, राउटरमधलं डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सोय) किंवा एखादा आडमुठा अँटिव्हायरस. कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग’, जागा, तिरकी रेघ, ‘रिन्यू’ अशी आज्ञा द्या. तरी काही नाही तर राउटरच्याच पट्ट्यातला पत्ता हाताने भरून राउटरला पिंग करा, म्हणजे ‘पिंग’ आज्ञेने उत्तर येतं का ते बघा. पिंग गेला तर दोष डीएचसीपीचा. नाही गेला तर केबल बदलून बघा.

वेगळं कार्ड टाकल्यावरच हे सुरू झालं आणि कनेक्शन थेट केबलवाल्याचं आहे? मग प्रश्न १३.

१२. गिगाबिट कार्ड घेतलं, ड्रायव्हर टाकला, तरी वेग १०० एमबीपीएसच दाखवतं.

गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. १०० एमबीपीएसला दोनच पुरतात: १, २, ३ आणि ६ या तारा. आपल्याकडे एकाच केबलमधून दोन कनेक्शन काढायची भारी हौस. दोन जोड्या एका यंत्राला, दोन दुसऱ्याला. अशा केबलवर गिगाबिट कधीच मिळणार नाही, ड्रायव्हर कितीही नवा टाका. एखादी तार तुटली असेल तरी तेच. आणि राउटर किंवा स्विचच १०० चा असेल तर कार्ड काय करणार?

‘स्पीड अँड डुप्लेक्स’ची सेटिंग ‘ऑटो’वरच ठेवा. फुल डुप्लेक्स म्हणजे पाठवणं आणि घेणं एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीने. एका टोकाला हाताने ‘फुल डुप्लेक्स’ आणि दुसऱ्या टोकाला ‘ऑटो’ असलं की ऑटोवालं टोक हाफ डुप्लेक्स धरून बसतं. नेट चालतं, पण मोठी फाइल पाठवताना मुंगीच्या पावलांनी. अपवाद एकच: खूप जुना हब किंवा १० एमबीपीएसचं औद्योगिक यंत्र. तिथे दोन्ही टोकांना सारखी सेटिंग हाताने करावी लागते.

१३. नवं लॅन कार्ड टाकलं. सगळं बरोबर दिसतं, पण केबलवाल्याचं नेट लागत नाही.

अनेक स्थानिक केबल ऑपरेटर कनेक्शन कार्डाच्या मॅक पत्त्याला, म्हणजे कारखान्यातून येणाऱ्या त्याच्या ओळख-क्रमांकाला, बांधतात. कार्ड बदललं की त्यांच्या लेखी तुम्ही परके. फोन करून नवा मॅक पत्ता सांगा; तो ‘आयपीकॉन्फिग’च्या पुढे जागा, तिरकी रेघ आणि ‘ऑल’ जोडलं की ‘फिजिकल ॲड्रेस’ म्हणून दिसतो. रविवारी फोन उचलत नसतील तर कार्डाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘नेटवर्क ॲड्रेस’ असतो, त्यात जुन्या कार्डाचा पत्ता मधल्या रेघा न देता भरा. सगळ्याच ड्रायव्हरांत ही सोय नसते. आणि जुनं कार्ड त्याच जाळ्यावर दुसऱ्या यंत्रात चालू ठेवू नका, दोन सारखे मॅक एकमेकांचं नेट पाडतात.

कनेक्शन युजरनेम-पासवर्डचं, म्हणजे पीपीपीओईचं असेल, तर फॉरमॅटबरोबर डायलरही गेलेला असतो. एक्सपी आणि पुढच्या विंडोजमध्ये तो ‘न्यू कनेक्शन’मधून पुन्हा बनवता येतो.

१४. जुनाच स्थिर आयपी भरताना ‘हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे’ असं येतं. दुसरं अडॅप्टर तर कुठेच नाही!

आहे, फक्त दिसत नाही. तुम्ही काढून टाकलेल्या कार्डाची नोंद विंडोजने जपून ठेवलीय. कार्ड एका स्लॉटमधून दुसऱ्यात हलवलं तरी विंडोज त्याला नवं समजतं, म्हणून तर ‘लोकल एरिया कनेक्शन २’, ‘३’ अशी नावं वाढत जातात.

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ‘सेट’, जागा, मग ‘डेव्हएमजीआर, शो, नॉनप्रेझेंट, डिव्हायसेस’ हे शब्द खालच्या रेघेने जोडून आणि शेवटी बरोबरचं चिन्ह व १. मग त्याच खिडकीतून डेव्हएमजीएमटी डॉट एमएससी चालवा आणि ‘व्ह्यू’मध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ करा. फिकट दिसणारी जुनी कार्डं अनइन्स्टॉल करा. यादीत अनोळखी मिनीपोर्ट वगैरे दिसतील, त्यांना हात लावू नका.

१५. वाय-फायचा ड्रायव्हर बसला, शेजाऱ्यांची नेटवर्कं दिसतात, आपलंच दिसत नाही. किंवा दिसतं, पण पासवर्ड बरोबर असून जोडत नाही.

दिसत नसेल तर दोन शक्यता. तुमचं नेटवर्क ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि जुनं बी-जी (वाय-फायच्या जुन्या पिढ्यांचं) कार्ड फक्त २.४ ऐकतं. किंवा राउटर १२ वा १३ क्रमांकाच्या चॅनलवर आहे आणि कार्ड अमेरिकेच्या नियमांनुसार ११ पर्यंतच बघतं. राउटरमध्ये २.४ चालू करा, चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा.

दिसूनही जोडत नसेल तर सुरक्षेची पद्धत बघा. एक्सपीला डब्ल्यूपीए-२ सर्व्हिस पॅक ३ बरोबर मिळालं. सर्व्हिस पॅक २ वर वेगळं अपडेट लागतं. डब्ल्यूपीए-३ या कार्डांच्या आवाक्याबाहेर आहे. राउटर ‘२ आणि ३ मिश्र’ पद्धतीवर असला तरी काही जुनी कार्डं अडखळतात. अशा वेळी सगळ्या घराची सुरक्षा उतरवून जुन्या डब्ल्यूईपीवर जाऊ नका. राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर डब्ल्यूपीए-२ एईएस लावा आणि जुनं यंत्र तिथे जोडा. किंवा सरळ केबल टाका.

लॅपटॉपवर काहीच नेटवर्कं दिसत नसतील तर कडेचा वाय-फायचा छोटा खटका आणि एफएन बटण आधी तपासा. ड्रायव्हर तीनदा टाकून झाल्यावर खटका सापडणारे कमी नाहीत.

१६. लॅपटॉपमध्ये नवं वाय-फाय कार्ड घातलं तर लॅपटॉप सुरूच होत नाही.

हा ड्रायव्हरचा दोष नाही. जुन्या थिंकपॅडवर ‘१८०२’ आणि एचपीवर ‘१०४’ अशा क्रमांकाचा संदेश येतो. बायॉसमध्ये मान्य कार्डांची यादी असते आणि तुमचं कार्ड त्यात नाही. त्या मॉडेलला कंपनीनेच दिलेलं कार्ड शोधा. नाहीतर यूएसबीचं वाय-फाय वापरा, बायॉस त्याला अडवत नाही.

१७. दीडदोनशे रुपयांचा यूएसबी-लॅन अडॅप्टर घेतला तर कटकट मिटेल?

चिप बघूनच घ्या. एसिक्सची एएक्स८८७७२ असेल तर एक्सपीसाठीही ड्रायव्हर आहेत. अगदी स्वस्तातल्यांमध्ये डेव्हिकॉमच्या डीएम९६०१ ची नक्कल असते. तिचा ड्रायव्हर शोधताना रात्र जाते. आणि यंत्रातला यूएसबी १.१ असेल तर त्याची धावच १२ एमबीपीएसची. अडॅप्टरवर १०० लिहिलेलं असलं तरी त्याचा उपयोग नाही.

१८. विंडोज ९८ चं यंत्र आहे, जुन्या सॉफ्टवेअरसाठी लागतं. त्याला लॅन मिळेल?

मिळेल, पण बैठक मारून करायचं काम आहे. पहिली अडचण ड्रायव्हर आत न्यायची. विंडोज ९८ मध्ये, अगदी दुसऱ्या आवृत्तीतही, पेनड्राइव्हसाठी सर्वसाधारण ड्रायव्हर नाही. सीडी जाळा, किंवा ड्रायव्हर १.४४ एमबीत मावत असेल तर फ्लॉपी.

दुसरी अडचण: कार्ड बसवताना ते विंडोज ९८ ची सीडी मागतं, आणि ती नसली की अर्धवट सोडतं. आधीच सीडीतला ‘विन९८’ फोल्डर हार्डडिस्कवर उतरवा आणि मागेल तेव्हा तो दाखवा. नंतर कंट्रोल पॅनलच्या ‘नेटवर्क’मध्ये टीसीपी-आयपी त्या कार्डाला जोडलेलं आहे ना, ते पाहा. पत्ता बघायला इथे ‘विनआयपीसीएफजी’ चालवायचं.

निवड हातात असेल तर पीसीआयवालं रिअलटेक ८१३९ शोधा. आयएसए (पीसीआयच्याही आधीच्या) स्लॉटचं एनई२००० जातीचं कार्ड असेल तर जंपर, म्हणजे सेटिंग बदलायच्या कार्डावरच्या छोट्या टोप्या, आलेच. ते कार्ड बहुधा पत्ता ३०० हेक्स आणि इंटरप्ट ३ वर येतं आणि ३ वर कॉम-२ आधीच बसलेलं असतं. इंटरप्ट ५ साउंड कार्डाकडे. १० बऱ्याचदा मोकळा सापडतो. जंपर नसलेल्या कार्डांची सेटिंग डॉसमधून, कार्डाबरोबरच्या फ्लॉपीने करावी लागते. ती फ्लॉपी हरवली असेल तर कार्ड विसरा.

विंडोज ९८ मध्ये पीपीपीओईची सोय मुळात नाही. ते काम राउटरवर सोपवा.

१९. लिनक्स टाकलं की ड्रायव्हरची भानगडच राहत नाही, खरं का?

वायरच्या लॅनसाठी जवळजवळ खरं. रिअलटेक, इंटेल, व्हिया, एसआयएस आणि एनफोर्स या सगळ्यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहेत. वाय-फायला मात्र फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लागतं. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरबरोबरच बरंचसं फर्मवेअर मिळतं. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांचं मिळत नाही, कारण ते वाटायची परवानगी नाही; ते नेटवरून उतरवावं लागतं. म्हणजे तेवढ्यापुरती केबल किंवा प्रश्न ५ मधला फोन हवाच.

चिप ओळखायला टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’, जागा, वजा-चिन्ह आणि दोन ‘एन’. आणि ३२ बिट प्रोसेसर असेल तर डेबियन १२ वरच थांबा, १३ व्या आवृत्तीत ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर राहिलेला नाही.

२०. एकाच यंत्रात विंडोज आणि लिनक्स आहेत. विंडोज बंद करून लिनक्समध्ये गेलं की लॅन मेलेली, दिवाही लागत नाही. विंडोजमध्ये मात्र चालते.

रिअलटेकच्या गिगाबिट चिपांची ही जुनी खोड. बंद होताना विंडोजचा ड्रायव्हर चिपला झोपवतो आणि लिनक्सच्या जुन्या ड्रायव्हरला ती उठवता येत नाही. विंडोजमध्ये कार्डाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘शटडाउन वेक-ऑन-लॅन’ चालू करा. खात्री करायची असेल तर यंत्र बंद करा, वीजेची पिन काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि थेट लिनक्स सुरू करा. लॅन चालली तर कारण हेच.

२१. वळवाच्या पावसात वीज कडाडली, तेव्हापासून लॅन पोर्ट गप्प आहे. ड्रायव्हर पुन्हा टाकू?

नको. गच्चीवरून, खांबावरून आलेल्या तांब्याच्या केबलमधून आलेला झटका पोर्ट जाळतो. कधी चिप यादीतून गायब होते. कधी यादीत दिसते, ड्रायव्हरही बसतो, पण ‘केबल जोडलेली नाही’ हे वाक्य काही हटत नाही. दुसऱ्या केबलने आणि राउटरच्या दुसऱ्या पोर्टने खात्री करा. मग बायॉसमध्ये ऑनबोर्ड लॅन बंद करून पीसीआय कार्ड टाका. वेगळं कार्ड मदरबोर्डपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. इमारतीबाहेरून येणारा दुवा फायबरचा करून घेता आला तर फारच उत्तम.

२२. पिंग जातो, आयपी बरोबर आहे, पण वेबसाइट उघडत नाहीत. ‘सर्टिफिकेट’ची तक्रार येते.

घड्याळ बघा. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली की तारीख मागे, बोर्ड बनला त्या वर्षात जाते आणि मग कोणतंही सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारं, ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र) अजून सुरू न झालेलं दिसतं. बॅटरी बदला, तारीख लावा.

तारीख बरोबर असेल तर ब्राउझर जुना आहे. एक्सपीवरचं इंटरनेट एक्सप्लोरर ८ टीएलएस (साइटशी सुरक्षित बोलायची पद्धत) १.० पर्यंतच जातं, आजच्या साइट १.२ मागतात. शिवाय जुन्या यंत्रांतली मूळ प्रमाणपत्रंही कालबाह्य झाली आहेत; मोफत प्रमाणपत्रं देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था वापरणाऱ्या असंख्य साइट ज्यावर टेकल्या होत्या, ते एक प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. नेटवर्क ड्रायव्हर बदलून यातलं काहीही सुटणार नाही.

२३. वर्कशॉपच्या एक्सपीवरून ऑफिसच्या विंडोज १० मधल्या शेअर फोल्डरमध्ये फाइल जात नाही. दोघं एकमेकांना पिंग करतात.

एक्सपीला फाइल शेअरिंगची एसएमबी-१ ही एकच बोली येते. विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून ती मुळात बसवलेलीच नसते. ‘विंडोज फीचर्स’मधून परत चालू करता येते आणि दुकानात तसंच करून देतात. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो याच वाटेने. ऑफिसच्या यंत्रावर हिशेब, जीएसटीच्या फायली असतील तर हे दार उघडू नका. विंडोज १० वर छोटा एफटीपी (फायली पाठवायच्या जुन्या पद्धतीचा) सर्व्हर बसवा, एक्सपीला एफटीपी येतं.

एक्सपीच्या यंत्राला बाहेरचं इंटरनेट लागत नसेल तर त्याला स्थिर आयपी द्या आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ची चौकट रिकामी ठेवा. आतल्या जाळ्यात ते बोलतं, इंटरनेटवर जात नाही. आतल्याच एखाद्या बाधित यंत्रापासून मात्र याने बचाव होत नाही, म्हणून एक्सपीचं फायरवॉल चालूच ठेवा.